बिबट्यांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू आणि आमच्या सोसायटीतली मांजरं

निवडुंग_बोरिवली

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला, मागची भिंत थेट नॅशनल पार्कला लागून. सीसीटीव्हीत बिबट्या दिसला तर ग्रुपवर व्हिडिओ पडतो, चार अंगठे येतात आणि लोक पाण्याच्या टँकरवर बोलायला लागतात. त्यामुळे बिबट्या हा विषय आमच्याकडे कधी तापत नाही. या वेळी तापलाय.

आवारात चार-पाच मांजरं आहेत. त्यातल्या म्हाद्या नावाच्या बोक्याच्या हिरड्या सुजल्या, खाणं सुटलं, म्हणून डॉक्टरकडे नेलं. रक्ताची झटपट चाचणी केली तर एफआयव्ही पॉझिटिव्ह. "मांजरांचा एड्स समजा," डॉक्टर म्हणाले. मी ते ग्रुपवर टाकलं आणि रामायण सुरू झालं. एका काकांनी कुठूनतरी शोधून काढलं की आफ्रिकेतल्या सिंहांत हाच विषाणू आहे, तो प्रतिकारशक्ती खलास करतो, वगैरे. मग निष्कर्ष असा की आमची मांजरं पार्कातल्या बिबट्यांना संपवणार. सेक्रेटरींचा तोडगाही तयार आहे: सगळी मांजरं, आणि जमलं तर गेटवरची कुत्रीही, गाडीत घालून "लांब कुठेतरी हिरवळीत" सोडून यायची. रविवारी मीटिंग आहे.

जाणकारांनी कृपया सांगा. बिबट्याने असं मांजर खाल्लं तर त्याला हा आजार होतो का? आणि रविवारी मी काय बोलू?

टाकळा

बिबट्याने जेवणाआधी लॅबचा रिपोर्ट मागावा. उपाशीपोटीच असतो तो, सोयीचं आहे.

अश्विनी_ठाणे

वाचतेय. आमच्याकडे मानपाड्यालाही हाच प्रश्न.

शेपटीवाले_डॉक्टर

पशुवैद्य आहे, मुलुंडला प्रॅक्टिस. जरा सविस्तर लिहितो.

एफआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात. एका ठिकाणी पाळलेल्या बऱ्याच मांजरांपैकी एकेक आजारी पडत होतं, त्यावरून डेव्हिसच्या विद्यापीठातल्या नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तो वेगळा केला. माणसाच्या एचआयव्हीच्या कुळातलाच. कामाची पद्धतही तीच: सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी हळूहळू कमी करायच्या. चोराने घरात शिरायच्या आधी वॉचमनलाच नोकरीवरून काढावं, तसं. मग हिरड्यांचा साधा संसर्गसुद्धा हटत नाही. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. पसरतो मुख्यतः चाव्यातून, त्यामुळे नसबंदी न झालेल्या, गल्लीभर मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत जास्त. एका ताटलीत जेवल्याने पसरायची शक्यता फार कमी. आणि पॉझिटिव्ह मांजर वर्षानुवर्षं ठणठणीत जगू शकतं, म्हणून 'एड्स' हा शब्द मी पालकांसमोर वापरत नाही. अर्धे लोक तिथेच मांजर टाकून जातात.

आता सिंह. तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातले जवळजवळ सगळे प्रौढ सिंह एफआयव्हीबाधित आहेत. पण तो सिंहांचा स्वतःचा प्रकार आहे, फार जुना. प्यूमाचा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) वेगळा, घरच्या मांजराचा वेगळा. बरीच वर्षं समज असा होता की सिंहाला त्याने काही होत नाही, कारण बाधित सिंह शिकार करत होते, पिल्लं वाढवत होते. मग २००९ मध्ये बोट्सवानातल्या सिंहांचा अभ्यास आला. त्यात बाधित सिंहांच्या सीडी४ पेशी कमी झालेल्या, लसिकाग्रंथी सुजलेल्या, तोंडाचे आजार, वजन घटलेलं, असं सगळं दिसलं. म्हणजे अगदीच निरुपद्रवी नाही. आपल्या गीरच्या सिंहांच्या जुन्या तपासण्यांत मात्र तो सापडला नव्हता.

बिबट्याने म्हाद्याला खाल्लं तर? मरता मरता म्हाद्या एखादा चावा घेईल, नाही असं नाही. पण एका जातीला सरावलेला विषाणू दुसऱ्या जातीत जाऊन तिथे टिकणं, पुढे पसरणं, हे सहसा होत नाही. माझ्या दृष्टीने बिबट्याच्या काळजीच्या यादीत हे बरंच खाली येतं. वरती काय येतं ते संध्याकाळी लिहितो, आता ओपीडी आहे.

तिसरा_मजला

मी कुठल्याही प्राण्याच्या विरोधात नाही, पण "सहसा होत नाही" म्हणजे कधीतरी होतंच ना? बिबट्या आहे म्हणून जंगल आहे, जंगल आहे म्हणून विहार-तुळशीचं पाणी आहे. एका बोक्यासाठी हा धोका का घ्यायचा? सेक्रेटरींचं काय चुकलं? आम्हीही सोसायटी चालवतो, लोकांच्या तक्रारी कोण ऐकतं ते आम्हाला विचारा.

टाकळा

'पण'च्या आधीचं वाक्य वाचायचं नसतं, असा या संस्थळाचा अलिखित नियम आहे.

तिसरा_मजला

@टाकळा, मुद्द्यावर बोला.

खारफुटी

डॉक्टर संध्याकाळी काय लिहिणार याचा अंदाज आहे, तरी मध्येच घुसतो. डिस्टेंपर.

१९९४ मध्ये सेरेंगेटीत सिंहांना फेफरं यायला लागली. काही महिन्यांत तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह गेले, म्हणजे अंदाजे हजार. कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू होता. भोवतालच्या गावांत हजारो कुत्री, लस कुणालाच नाही. तोपर्यंत पुष्कळांना वाटायचं की हा कुत्र्यांचा रोग, मांजरकुळाला त्याचं काय!

आपल्याकडे पार्कच्या भोवती काय आहे ते सांगायला नको. २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला होता, मुंबईचे बिबटे वर्षाला साधारण दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे हजारेक कुत्रेचावे टळतात असा हिशोब मांडणारा. आपण सगळ्यांनी तो कौतुकाने फॉरवर्ड केला होता. बिबट्याच्या आहारात सुमारे ४० टक्के कुत्रीच. आता तोच हिशोब बिबट्याच्या बाजूने वाचा. दीड हजार वेळा कुत्र्याच्या तोंडाला तोंड.

अश्विनी_ठाणे

बाप रे. हा कोन डोक्यातच आला नव्हता.

माहेर_जुनागढ

मी मूळची जुनागढची, लग्नानंतर कांदिवली. २०१८ चं माझ्या माहेरच्यांना नीट आठवतंय. सप्टेंबरमध्ये गीर पूर्वच्या दलखाणिया रेंजमध्ये सिंह मरायला लागले, ऑक्टोबर उजाडेपर्यंत २३ गेले. पहिल्यांदा आपसातल्या मारामारीचं कारण पुढे आलं. मग पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) नमुन्यांत डिस्टेंपर असल्याचं सांगितलं. शिवाय गोचिडीतून येणारा बॅबेसिया, रक्तातला परजीवी. अमेरिकेतून लसीचे ३०० डोस मागवले, आजूबाजूचे सिंह पकडून वेगळे ठेवले. मामांच्या चहाच्या टपरीवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे सिंह म्हणजे घरचा माणूस. मामी तर त्या नवरात्रात गरब्याला गेल्याच नाहीत.

आणि हो, आपल्या पार्कात २०२२ ला आलेली मानस-मानसी ही सिंहांची जोडी आमच्याच सक्करबागेतली, जुनागढच्या प्राणिसंग्रहालयातली. बघायला गेले तेव्हा नवरा म्हणाला, तुझ्या माहेरचे आलेत, चहा विचार.

घाटावरचा_पाहुणा

गीरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं होतं की काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा, सगळी अंडी एका टोपलीत नकोत. हललं काय? कुनोला २०२२ मध्ये आले नामिबियाचे चित्ते. गुजरातला सिंह सोडवत नाहीत, बाकी काही नाही.

माहेर_जुनागढ

इतकं सोपं नाही हो दादा. आज गीरचे सिंह ८९१ झालेत, २०२५ च्या मोजणीत. लोकांनी गायी-म्हशी गमावून सांभाळलेत. त्यांना न विचारता कसे नेणार?

घाटावरचा_पाहुणा

८९१ सिंह एकाच भागात, सगळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मूठभर सिंहांचे वंशज. एक साथ आली की कळेल. माझा मुद्दा तोच आहे.

माहेर_जुनागढ

२०१८ ला आली होती. कळलं. त्यानंतर वाढून ८९१ झालेत.

घाटावरचा_पाहुणा

म्हणजे नशिबावर ठेवायचं?

बोरिवलीचे_अण्णा

गुजरात-मध्य प्रदेश वेगळ्या धाग्यावर. इथे रविवारी त्या माणसाची मीटिंग आहे.

शेपटीवाले_डॉक्टर

आलो. खारफुटींनी माझं काम हलकं केलं.

डिस्टेंपर हा गोवराचा चुलतभाऊ. २०२२ च्या शेवटी गोवंडीकडे गोवराची साथ आली होती ती आठवत असेल. गोवर झालेलं मूल पुढे न्यूमोनियाने, जुलाबाने जातं, कारण गोवर प्रतिकारशक्ती पाडून जातो. डिस्टेंपरचंही तसंच आहे. तो शिरतोच मुळात पांढऱ्या पेशींमध्ये आणि त्यांचा फडशा पाडतो. एफआयव्हीला त्यासाठी वर्षं लागतात, याला दिवस पुरतात. त्यानंतर फुप्फुसं, आतडी, मेंदू.

१९९४ ची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक बातम्यांत येत नाही. जुने रक्तनमुने तपासल्यावर कळलं की डिस्टेंपर सेरेंगेटीत त्याआधीही येऊन गेला होता, आणि फारसे सिंह न मरता. मग त्याच वर्षी एवढे का मेले? कारण १९९३ चा दुष्काळ. रानम्हशी खंगल्या, त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या, सिंहांनी त्या म्हशी खाल्ल्या आणि गोचिडींमधून बॅबेसियाचा जबर मारा झाला. एरवी सिंह बॅबेसिया पचवतो. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती काढून घेतलेली, त्यामुळे पचला नाही. गीरमध्येही जोडीला बॅबेसिया होताच, ताईंनी लिहिलंय. विषाणू दार उघडतो, जीव दुसराच कुणीतरी घेतो.

काळी_मांजर

डॉक्टर, एक शंका. मुंबईचे बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खातात, कुत्र्यांना डिस्टेंपरची लस नाही, मग आतापर्यंत सगळे बिबटे मरायला हवे होते. उलट वाढतायत. २०१५ मध्ये ३५ मोजले, २०१८ मध्ये ४७, तेही शे-सव्वाशे चौरस किलोमीटरच्या पार्कात. हा सगळा बागुलबुवा तर नाही?

शेपटीवाले_डॉक्टर

@काळी_मांजर, रास्त शंका. सिंह कळपात राहतो, एका शिकारीवर दहा तोंडं, एकमेकांना चाटणं, चावणं. एक आजारी पडला की कळप आजारी. बिबट्या एकटा. कुत्र्याकडून लागण झाली तरी ती पुढे द्यायला दुसरा बिबट्या भेटावा लागतो. शिवाय लागण झाली म्हणजे मेलाच असंही नाही. नेपाळमध्ये वाघ आणि बिबट्यांच्या रक्तात डिस्टेंपरच्या अँटिबॉडी सापडल्यात, बिबट्यांत जास्त. याचा अर्थ लागण होऊन वाचलेले प्राणी तिथे आहेत.

पण आपले बिबटे दाटीने राहतात आणि भोवती शहर असल्यामुळे बाहेर फारसं कुठे जाता येत नाही. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या अमूर वाघांत २००३ पासून डिस्टेंपर सापडतोय, आणि तिथे अभ्यासकांना खरी भीती लहान लहान सुट्या टोळक्यांची आहे. पाचशेतले पाच गेले तर भरून निघतात. तीसमधले पाच, तेही पिल्लांवरच्या माद्या, तर पुढची काही वर्षं हातची जातात. बागुलबुवा नाही, पण उद्या सकाळी बिबटे पटापट पडतील असंही नाही.

काळी_मांजर

पटलं. थोडंसं.

वॉचमनचा_मित्र

म्हणजे आमच्याकडे बिबट्या भिंतीवर बसून फोटो काढू देतो, माणसाला अजिबात घाबरत नाही, तो आजारी आहे की काय? डिस्टेंपर मेंदूत गेल्यावर भीती जाते असं वाचलं.

शेपटीवाले_डॉक्टर

अमूर वाघांत तसं दिसलंय खरं, वस्तीत शिरणं, भर रस्त्यावर सुन्न बसणं. पण रात्री भिंतीवर बसणारा मुंबईचा बिबट्या हा मुंबईकर झालेला बिबट्या आहे, आजारी नव्हे. झोकांड्या, झटके, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, दिवसाढवळ्या उघड्यावर पडून राहणं, माणूस आला तरी न हलणं, असं काही दिसलं तर १९२६ वर वनविभागाला कळवा. जवळ जाऊ नका. रेबीजही तसाच दिसतो, आणि तो माणसाला होतो.

खारफुटी

रेबीजवरून आठवलं. चेंबूरकडच्या कोल्ह्यांत २०२४ ला रेबीज निघाला होता. खाडीकाठच्या खारफुटीत आपल्याकडे सोनेरी कोल्हे आहेत हे अर्ध्या मुंबईला माहीत नाही. त्यांचे आणि कुत्र्यांचे उकिरडे एकच. म्हणजे फक्त पार्कची भिंत धरून विचार करून भागणार नाही.

आरे_पाड्यावरून

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. आम्ही वारली, आरेतल्या पाड्यावर पिढ्यान् पिढ्या राहतो. आमचा वाघोबा आहे, वाघबारशीला नैवेद्य असतो, त्यामुळे बिबट्याचं काय करायचं ते कुणी आम्हाला शिकवू नये. कोंबडी नेली तर नेली.

मला बोलायचंय ते वरच्या "लांब कुठेतरी हिरवळीत" या शब्दांवर. ती हिरवळ म्हणजे आमचं दार. रात्री गाडी येते, दिवे बंद करते, मागचं दार उघडतं. सकाळी पाड्यावर दोन नवी कुत्री, गळ्यात पट्टा. मांजरं तर पोत्यातून येतात. ती गाडीखाली जातात, आमच्या कुत्र्यांशी भांडतात, नाहीतर बिबट्याच्या तोंडी जातात. गेल्या पावसाळ्यात एक असंच सोडलेलं पिल्लू आलं, नाक गळत होतं, डोळे चिकटलेले. काही दिवसांनी मान झटकायला लागलं. लोक म्हणाले पिसाळलं. मग पाड्यावरची सगळी लहान पिल्लं एकामागून एक तशीच मान झटकत गेली. डॉक्टर, हे तुम्ही म्हणता तेच ना?

शेपटीवाले_डॉक्टर

दादा, न तपासता छातीठोक सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र डिस्टेंपरचं आहे. गळणारं नाक, मग जुलाब, मग मानेचे आणि पायाचे झटके, आणि लहान पिल्लं आधी.

आणि या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलीत. बोरिवलीच्या गेटवरचं कुत्रं गेटवर असेपर्यंत त्याचा विषाणू त्या गल्लीत आहे. ते आरेत नेऊन सोडलं की ते घाबरलेलं, उपाशी, अनोळखी जागेत. अशा कुत्र्याची प्रतिकारशक्ती आधीच ढासळते, आणि बिबट्यासाठी तीच सगळ्यात सोपी शिकार. बिबट्याला डिस्टेंपर द्यायचाच असेल तर याहून चांगली पद्धत मला सुचत नाही.

बोरिवलीचे_अण्णा

माझं वय झालं, त्यामुळे एक जुनं सांगतो. २००२ ते २००४, पार्कभोवती बिबट्यांचे हल्ले वाढले होते. लोक संध्याकाळी बाहेर पडेनात. पुढे अभ्यास झाले, जुन्नरकडचेही झाले, विद्या अत्रेय वगैरे मंडळींचे, त्यात दिसलं की बिबट्यांना एकीकडून पकडून दुसरीकडे सोडण्यानेच तंटा वाढतो. तेव्हा बिबटे गाडीत घालून हिंडवत होते, आता कुत्री-मांजरं घालतात. गाडी तीच.

तिसरा_मजला

ठीक आहे, सोडू नका. मग करायचं काय? कुत्रा चावला की सगळे प्राणिमित्र अदृश्य होतात आणि सेक्रेटरीच्या घरी बेल वाजते. महापालिकेच्या २०१४ च्या मोजणीत ९५ हजार कुत्री होती, आता किती असतील देव जाणे. नसबंदी होते, कान कापतात, रेबीजची लस देतात, परत आणून सोडतात. झालं की सगळं!

भूतदया_दहिसर

मी फीडर आहे, भटक्या कुत्र्यांना खायला घालते. अदृश्य वगैरे होत नाही, चावलेल्या माणसाला लस घ्यायला मी स्वतः घेऊन गेलेय. आणि नाही, सगळं झालेलं नाही. नसबंदीच्या वेळी मिळते ती रेबीजची लस. डिस्टेंपर, परव्हो ज्यात असतं ती सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन वेगळी, ती रेबीजपेक्षा कितीतरी महाग, आणि पिल्लांना पुन्हा डोस लागतो. आम्ही वर्गणी काढून देतो तेवढंच. तुमच्या सोसायटीने दिवाळीच्या रोषणाईतले थोडे इकडे वळवले तर गेटवरची सगळी कुत्री होतील.

तिसरा_मजला

कचऱ्याचंही बोला मग. रात्री बिर्याणी टाकून कुत्री गोळा कोण करतं?

भूतदया_दहिसर

बिर्याणी मी टाकत नाही. ती तुमच्या क्लबहाउसमधून येते. पार्कच्या भिंतीला लागून उघडा कचरा ठेवायचा आणि कुत्र्यांना दोष द्यायचा हे बरं आहे. भिंतीपाशी खायला घालू नये हे मात्र मला मान्य. आम्ही जागा हलवली आहे, रस्त्याच्या बाजूला, उजेडात आणि दिवसा.

टाकळा

दोघेही एका मुद्द्यावर सहमत झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

काळी_मांजर

एवढं सगळं करण्यापेक्षा बिबट्यांनाच लस द्या ना. पन्नास तर आहेत.

शेपटीवाले_डॉक्टर

पन्नास बिबटे डार्ट मारून बेशुद्ध करायचे, काही आठवड्यांनी तेच बिबटे पुन्हा शोधून दुसरा डोस द्यायचा. करून बघा. शिवाय कुत्र्यांची लस बऱ्याचदा जिवंत, अशक्त केलेल्या विषाणूची असते. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटना (मुंगसासारखा दिसणारा लहान मांसभक्षक) ती दिली तर लसीनेच काही फेरेट मेले. त्यामुळे जंगली प्राण्यांना वेगळ्या धर्तीची लस वापरतात. अमूर वाघांसाठी असं गणित मांडलंय की दरवर्षी अगदी मोजक्या वाघांना जरी लस टोचली तरी टोळकं नामशेष व्हायचा धोका बराच उतरतो. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. पण तो निर्णय वनविभागाचा, सोसायटीचा नाही.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगतो की कुत्र्यांना लस दिली की प्रश्न सुटला असं नाही. सेरेंगेटीभोवती कुत्र्यांना लस देऊनही सिंहांत डिस्टेंपर येत राहिला, कारण इतर जंगली प्राण्यांतही तो फिरत असतो. अमूरमध्येही कुत्र्यांपेक्षा रानातल्या लहान मांसभक्षकांवर जास्त संशय आहे. आपल्याकडे उदमांजरं आहेत, मुंगसं आहेत, खारफुटींचे कोल्हे आहेत. तरी कुत्र्याला लस दिल्याने कुत्रं वाचतं, आणि बिबट्याच्या ताटातला निदान एक पदार्थ तरी बरा होतो.

टँपाकर

फ्लोरिडातून. इथले पँथर म्हणजे प्यूमाच, संख्या अगदी कमी. २००२ ते २००४ च्या दरम्यान त्यांच्यात फेलाइन ल्युकेमियाची साथ आली आणि पाच पँथर गेले. विषाणू आला होता घरगुती मांजराकडून. त्यानंतर पँथर पकडून त्यांना लस दिली, आणि रानालगतच्या लोकांना सांगितलं की मांजर घरात ठेवा, लस द्या. हाही प्रतिकारशक्ती पाडणाराच विषाणू. म्हणजे मांजराकडून मोठ्या मांजराकडे काहीच जात नाही असं समजू नका. धागाकर्त्याने ल्युकेमियाची चाचणी केली का?

निवडुंग_बोरिवली

सगळं वाचतोय, उत्तर द्यायला वेळ झाला. @टँपाकर, हो, एकाच पट्टीवर दोन्ही चाचण्या होत्या. ल्युकेमिया निगेटिव्ह.

शेपटीवाले_डॉक्टर

उत्तम. टँपाकरांचा मुद्दा बरोबर, बिबट्याच्या दृष्टीने एफआयव्हीपेक्षा ल्युकेमियाची बातमी मला जास्त वाईट वाटली असती.

आणि एफआयव्हीची काळजी करायचीच तर बिबट्यापेक्षा वाघाटीची करा. पार्कात वाघाटी आहे, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, घरच्या मांजराहून लहान. तिची आणि आपल्या बोक्यांची गाठ पडू शकते, मारामारी होऊ शकते. जपानमध्ये त्सुशिमा बेटावरच्या रानमांजराला घरगुती मांजराचा एफआयव्ही लागल्याचं १९९६ मध्ये सापडलंय. म्हणजे या आकाराच्या प्राण्यांत हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. बिबट्याबद्दल मी "सहसा" म्हटलं, वाघाटीबद्दल तितक्या बेफिकिरीने म्हणणार नाही.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाला: म्हाद्याची नसबंदी करा आणि त्याला घरात घ्या. बाहेर मारामारी नाही म्हणजे चावा नाही, चावा नाही म्हणजे प्रसार नाही. बाकीच्या मांजरांची चाचणी, नसबंदी आणि नेहमीची तीन रोगांची लस. सोडायचं कुणालाही नाही.

वॉचमनचा_मित्र

नसबंदीनंतर म्हाद्या घरात बसेल? आमचा एक होता, ग्रिल तोडून गेला.

अश्विनी_ठाणे

जाळी लावा. कबुतरंही थांबतात, दुहेरी फायदा.

निवडुंग_बोरिवली

मीटिंग झाली. सविस्तर नंतर लिहीन, दोन तास चालली आणि त्यातला एक तास पार्किंगवर गेला.

म्हाद्या आमच्या दुसऱ्या विंगच्या काकूंकडे गेला, त्यांच्याकडे दुसरं मांजर नाही. आरेच्या दादांची पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवली. सेक्रेटरी काही बोलले नाहीत, पण गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. कचऱ्याचे डबे भिंतीपासून हलवायचं ठरलं. दिवाळी फंडातून गेटवरच्या कुत्र्यांना नाइन-इन-वन द्यायलाही नऊ विरुद्ध सात असा होकार मिळाला. उरलेले डोस पाड्यावर देता येतील का, दादा?

आरे_पाड्यावरून

या. पण सकाळी लवकर या, उशिरा आलात तर कुत्री रानात गेलेली असतात. आणि गाडीचे दिवे चालू ठेवून या.

शेपटीवाले_डॉक्टर

मी येतो, टोचायचे पैसे नकोत. लस थंड राहायला हवी, दोन ते आठ अंश. बर्फाचे पॅक आणि झाकणाचा डबा लागेल. गाभण कुत्र्या आणि आजारी दिसणारी कुत्री वेगळी काढायची, त्यांना त्या दिवशी टोचायचं नाही. पिल्लं किती आहेत तो आकडा आधी कळवा, त्यांना पुन्हा डोस द्यायला यावं लागेल.

भूतदया_दहिसर

मी आणि दोन मैत्रिणी येतो. टोचलेल्या कुत्र्याला रंगाचा ठिपका लावू, म्हणजे दोनदा होणार नाही.

तिसरा_मजला

आमच्या सोसायटीच्या गेटवरची सहा आहेत. त्यांचे पैसे आम्ही देऊ. तपशील व्यनि करतो.

टाकळा

डबा माझ्याकडे आहे, माशांचा. धुऊन देतो. पण एवढी सगळी कुत्री धरणार कोण, ते आधी लिहा.